प्रकाशाचा लहान तराजू

माप कोणाच्या हाती, हा प्रश्न कामगार चळवळीत आम्ही आयुष्यभर विचारीत आलो. रंगखात्यातून निघालेले कापड नमुन्याबरहुकूम उतरले की नाही, हा वाद पूर्वी नुसत्या डोळ्यांवर चाले. आता त्याचा निवाडा प्रकाश मोजणारे यंत्र करते. त्या यंत्राच्या पोटात असतो वर्णपटमापक. तो काय करतो, ते पाहू.

साधा उजेड हे अनेक रंगांचे मिश्रण होय, आणि प्रत्येक पदार्थ त्यांतले ठराविक रंग शोषतो किंवा सोडतो. कोणता रंग किती, हे मोजले की पदार्थाची ओळख पटते. याच रीतीने बुन्सेन व किरखोफ यांनी १८६० साली जर्मनीतील ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात सीझियम हे नवे मूलद्रव्य शोधले. त्यांच्या यंत्रातला लोलक रंग फाकवीत असे. पण रंग फार थोड्या कोनाने फाकतात. ते नीट सुटे व्हायला मध्ये अंतर लागते. म्हणून चांगले यंत्र मोठे आणि महाग. साहजिकच ते मालकाच्या प्रयोगशाळेत.

२०१५ साली जिए बाओ व मौंगी बावेंडी यांनी रंग फाकविणेच सोडून दिले. क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचे आकारमान किंवा घटक बदलले की ते शोषीत असलेला प्रकाश बदलतो. अशा कणांच्या १९५ निरनिराळ्या गाळण्या त्यांनी कॅमेऱ्याच्या संवेदकावर बसविल्या. प्रत्येक गाळणीतून येतो तो मिश्र प्रकाशच. मग रंग कळावेत कसे? वाण्याच्या बिलावर नुसती बेरीज आहे, पण दर खेपेस डाळ, तांदूळ व तेल किती घेतले हे आपणांस ठाऊक आहे, असे समजा. निरनिराळ्या प्रमाणांतल्या तीन खरेद्यांवरून तिन्ही भाव काढता येतात. संगणक हेच गणित करतो. २०१९ साली केंब्रिजच्या संशोधकांनी तर हे काम एकाच सूक्ष्म तारेवर करून दाखविले. तिचे घटक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलत जातात.

मात्र यात एक मेख आहे. कोणती गाळणी कोणता रंग किती सोडते, हे आधी काटेकोर तपासलेले असावे लागते. ती नोंद चुकली की सारा हिशेब चुकला. शिवाय अगदी जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात मोठे यंत्र अजून सरस आहे. तेव्हा तराजू खिशात मावला म्हणून न्याय हाती आला, असे नव्हे. त्याची वजने कोणी व केव्हा तपासली, हे विचारलेच पाहिजे; आणि तेवढे विचारण्यापुरते शास्त्र शाळा सुटलेल्या माणसालाही शिकता येते, असा आमचा अनुभव आहे.