बीईआर काढायला आलेला माणूस तुमचं बिल का बघत नाही

"आम्ही हीटिंग फारसं लावतच नाही हो, मग आमच्या घराला डी-वन कसा?" लूकन असो की स्वॉर्ड्स, डब्लिनच्या आसपासची चार मराठी कुटुंबं जेवायला जमली आणि गप्पा घरखरेदीकडे वळल्या की हे वाक्य येतंच. पाठोपाठ मोबाइलवर गॅसचं बिल उघडलं जातं. बघा, जानेवारीतसुद्धा एवढंच! बीईआर काढायला आलेल्या ॲसेसरला दाखवलं तर त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे हे बीईआर प्रकरण सगळं बोगस.

बोगस नाही. त्याने बिल पाहिलं असतं तर मात्र बोगस ठरलं असतं.

आयर्लंडमध्ये बीईआर हे घरांचं ऊर्जा-मानांकन नव्या घरांना 2007 पासून आणि विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या जुन्या घरांना 2009 पासून सक्तीचं आहे. ए-वनपासून जीपर्यंत पंधरा पायऱ्या. दर चौरस मीटरमागे वर्षाला किती किलोवॉट-तास ऊर्जा लागेल, यावर पायरी ठरते: 25 पर्यंत असेल तर ए-वन, 225 ते 260 मध्ये डी-वन, 450 च्या वर गेलात की जी. यातला 'लागेल' हा भविष्यकाळ नीट वाचा. किती जळली, हा प्रश्नच नाही. डीप नावाची गणनापद्धती असं धरून चालते की बैठकीची खोली 21 अंशांवर आणि बाकीचं घर 18 अंशांवर आहे, आणि ऑक्टोबर ते मे रोज आठ तास हीटिंग चालू आहे. घरात माणसं किती, हेसुद्धा क्षेत्रफळावरून धरलं जातं. तुम्ही दोघंच राहता की भारतातून आई-बाबा तीन महिन्यांसाठी आलेत, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

गाड्यांची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआयने दिलेला बाइकच्या ॲव्हरेजचा आकडा आपल्याला कर्वे रोडवर कधी मिळतो का? नाही. तरी दोन गाड्या समोर ठेवून निवडताना तोच आकडा उपयोगी पडतो, कारण दोन्हींची परीक्षा एकसारखी झालेली असते. इथेही तेच. बिलावरून श्रेणी द्यायची ठरवली, तर फुटक्या खिडक्यांच्या घरात गोधडी पांघरून कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घराला ए मिळेल, आणि ते घर विकत घेणारा पहिल्याच डिसेंबरात डोक्याला हात लावेल. श्रेणी घराला असते. तुमच्या काटकसरीला नाही, हे अजून किती वेळा सांगायचं!

हिशेबात धरतात ते खोल्यांचं हीटिंग, गरम पाणी, वायुवीजन आणि दिवे. फ्रिज, टीव्ही, कुकर, पोळ्यांचा तवा यातलं काही नाही. शिवाय विजेची मोजणी घरातल्या प्लगपाशी थांबत नाही, पार वीजकेंद्रापर्यंत मागे जाते. एक युनिट घरी पोहोचवायला तिकडे जास्त ऊर्जा खर्ची पडते. जुन्या इलेक्ट्रिक हीटरवर चालणाऱ्या फ्लॅटची श्रेणी घसरते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मग बिल आणि श्रेणी जुळत नाहीत ही तक्रार खोटी का? नाही, तेवढी खरी आहे, आणि संशोधकांनी ती मोजली आहे. केंब्रिजच्या मिन्ना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी 2012 मध्ये जर्मनीतल्या सुमारे 3,400 घरांची आकडेवारी तपासली. रहिवासी कागदावरच्या अंदाजापेक्षा सरासरी 30 टक्के कमी ऊर्जा वापरत होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या ब्रायन कॉइन आणि एलेनॉर डेनी यांनी 2021 मध्ये आयरिश घरांबद्दल हेच दाखवलं: खालच्या श्रेणीतली घरं अंदाजापेक्षा कमी ऊर्जा वापरतात, वरच्या श्रेणीतली जास्त. थंडगार घरात माणूस हीटिंगच्या बटणाला हात लावायला घाबरतो, उबदार घरात ते विसरून जातो. त्यामुळे इन्सुलेशननंतर बिल निम्म्यावर येईल असं कुणी कंत्राटदार छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला विचारा, कुठल्या बिलाच्या निम्म्यावर? आजवर थंडी सोसली असेल, तर तुमचा फायदा युरोंपेक्षा अंशांत दिसेल. मागची बेडरूम जानेवारीतही वापरता येईल, हा फायदा काही लहान नाही.

बिल दाखवण्यापेक्षा फाइल दाखवा. ॲसेसर टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये चढतो आणि इन्सुलेशनच्या लोकरीची जाडी मोजतो, ती त्याला दिसते. भिंतीच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. तिथे आधीच्या मालकाने इन्सुलेशन भरून घेतलं असेल आणि कागद नसेल, तर घराच्या वयावरून ठरलेला, बहुधा वाईट, आकडा धरला जातो. पावत्या, खिडक्यांची प्रमाणपत्रं आणि बॉयलरचं मॉडेल समोर ठेवलंत तर श्रेणी खरीखुरी लागते. आणि विजेचं बिल हवंच असतं, पण फक्त त्यावरच्या अकरा आकडी एमपीआरएन क्रमांकासाठी. बीईआर त्या क्रमांकाला जोडलेलं असतं.

ॲटिकमध्ये चढलाच आहात, तर लोकरीवर रचलेल्या त्या भारतवारीच्या बॅगा आधी उतरवा. साधारण 300 मिलिमीटर जाडीची लोकर दाबून निम्मी केली की तिच्यातली हवा जाते, आणि ऊब राखते ती हवाच.

आता इन्सुलेशनची कामं आणि त्यासाठीचं सरकारी अनुदान यांबद्दलच्या समजुती थोडक्यात. 'आधी काम करू, मग अर्ज करू': मग पैसे विसरा. एसईएआय या सरकारी ऊर्जा-संस्थेची मंजुरी आधी, काम नंतर, तेही त्यांच्याकडे नोंदलेल्या कंत्राटदाराकडूनच. 'सरकार थेट पैसे भरतं': नेहमीच्या सुट्या अनुदानात आधी सगळा खर्च तुम्ही करता आणि कामानंतरचं बीईआर झाल्यावर अनुदान हातात पडतं, पूर्ण फुकट योजना वेगळी आहे, ती ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्यांसाठी. 'आयरिश पासपोर्ट लागतो': लागत नाही, घर तुमचं हवं. भाड्याने दिलेलं असलं तरी चालतं. 'नव्या घरालाही मिळेल': इन्सुलेशनसाठी घर 2011 च्या आधी बांधून राहतं झालेलं हवं. 'ॲसेसर सरकारी माणूस असतो': तो नोंदणीकृत व्यावसायिक असतो, फी ज्याची त्याची, दोन-तीन ठिकाणी विचारा. 'भिंत पोकळ आहे, फोम भरून टाकू': डब्लिनकडच्या कितीतरी घरांच्या भिंती पोकळ ठोकळ्यांच्या आहेत. ती पोकळी म्हणजे दोन भिंतींमधली कॅव्हिटी नव्हे. तिथे आतून किंवा बाहेरूनच थर लावावा लागतो.

शेवटचा समज जरा धोक्याचा: 'इन्सुलेशन केलं की बुरशी येते.' बुरशी येते ती थंड पृष्ठभागावर ओल जमली की. इन्सुलेशनने भिंत उबदार होते, म्हणजे खरं तर ओल धरायला जागा कमी होते. ओल आपण तयार करतो. कुकरच्या शिट्ट्या, उकळता भात, हॉलभर स्टँडवर वाळणारे कपडे, आणि वर गार वारा येतो म्हणून भिंतीतल्या झरोक्यावर चिकटवलेली टेप! कामाबरोबर वायुवीजनही नीट करून घेणं हा इन्सुलेशनचाच भाग आहे. आधी ती टेप काढा. खोलीत स्टोव्ह किंवा शेगडी जळत असेल तर आजच काढा, कारण तिथे प्रश्न बुरशीचा नसून कार्बन मोनॉक्साइडचा आहे.