जळण नको, पेटवण आण

पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या बेताला, आपलाही हात लागावा म्हणून मी मुरुडच्या किनाऱ्यावरून एक ओंडका ओढत आणला. भरतीने आणून टाकलेला, उन्हाने पांढरा पडलेला, हाताला खणखणीत कोरडा. पद्मदुर्ग पाठीशी टाकून तो वाडीपर्यंत आणताना खांदा भरून आला. मामांनी ओंडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बसायला बरा आहे."

वर आणखी, "जळण नको रे, पेटवण आण."

दोन्हींत काय फरक, हे त्या संध्याकाळी कळलं. समुद्रात मुरलेल्या लाकडात मीठ उतरलेलं असतं आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. वरून कोरडं दिसलं तरी असं लाकूड पेटताना कुरकुरतं आणि धूर ओकतं. पण ओंडका चांगल्या सुरूचा असता तरी मामांनी तो बाजूलाच ठेवला असता. पोपटीला ओंडका लागतच नाही.

रायगडात भाताची कापणी उरकली की जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात आणि थंडीत शेंगा भरल्या की पोपट्या लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा उग्र वासाचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. मग मडकं उपडं ठेवून भोवती आग करायची. अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपतो. ओंडक्याला नीट पेट घ्यायलाच तेवढा वेळ जातो, आणि पेटला की तो मडक्याची एकच बाजू भाजत बसतो. इथे आग चारी बाजूंनी हवी, झटकन चढणारी आणि वेळेवर बसणारी. चुलीत पेटवण हे मोठ्या लाकडापर्यंत जायची पायरी असते. पोपटीत तेच पहिलं आणि तेच शेवटचं.

म्हणून सगळी कसोटी वेचण्यात. मामा काटकी कानाजवळ नेऊन मोडतात. 'काट्' असा आवाज आला तर पास, नुसती वाकली तर नापास. पातेरा मुठीत चुरगळून बघतात. पोयीचा, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावरच्या होडीसारख्या वाळक्या कवचाचा, तुकडा गालाला लावतात. गार लागला तर अजून ओल आहे. बोटांना चकवणारी ओल गालाला कळते. जमिनीवर पडलेली झावळी वरून कितीही वाळलेली असो, तिची खालची बाजू ते आधी उलटून बघतात. हे सगळं चारच्या आत. जानेवारीत समुद्रकाठी अंधार पडला की दंव उतरायला लागतं आणि दिवसभराची कमाई भिजते. वेचलेलं सगळं ताडपत्रीखाली जातं.

माड वर्षाला साधारण बारा झावळ्या टाकतो, म्हणजे महिन्याला एक. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. "खोडांचा ढीग लागला होता. जळण म्हणाल तेवढं," मामा सांगतात. "पण आडवा माड झावळी टाकतो का?"

आता ठिणगी धरण्याची सोय. मामांनी नारळाचं जुनं सोडण घेतलं, दगडावर ठेवलं आणि कोयत्याच्या पाठीने ठेचलं. दोरे सुटले, तसा तपकिरी भुसा झडू लागला. तो त्यांनी फुंकून, झटकून पार काढून टाकला. हाच भुसा रोपवाटिकेत कोकोपीट म्हणून विकला जातो, कारण तो पाणी धरून ठेवतो. झाडाला जे हवं, तेच आगीला नको. उरलेला काथ्या त्यांनी तळहातांत चोळचोळून मऊ केला आणि त्याचं सुगरणीच्या खोप्यासारखं पोकळ बोंडलं वळलं. ते इतकं विरळ होतं की आरपार दिसावं. घट्ट वळलं तर हवा कोंडते.

काडेपेटी येण्याआधी कोकणात चकमकीची ठिणगी भेर्ली माडाच्या देठाजवळच्या लवेवर झेलत. काथ्याचा गुणही तसाच. तो भडकत नाही, धुमसतो. पानटपरीवर विडी पेटवायला टांगलेला सुंभ दिवसभर टोकाशी लाल असायचा, तो याच गुणामुळे. ज्वाळा द्यायचं काम पेंढ्याचं.

मामांनी मडक्याभोवती आधी पेंढा सैल पसरला, त्यावर सुरूच्या सुयांसारख्या काड्या, मग झावळीची पाती, बाहेरून पोयीचे तुकडे आणि शेणी. मी रॉकेलचं नाव काढलं, तर मामी आतूनच ओरडल्या, "शेंगांना वास लागेल!"

मग थांबलो. दिवसभरचा खारा वारा पडला होता आणि मतलई सुटायला वेळ होता. त्या मधल्या शांततेत मामांनी एक काडी ओढली आणि बोंडल्याच्या पोटात धरली. कडेचे दोरे लाल होऊन आखडले. त्यांनी ते ओंजळीत घेऊन तीनदा लांब फुंकर घातली आणि पेंढ्याखाली सरकवलं. क्षणभर नुसता पिवळट धूर. मग पेंढ्याने भक्कन पेट घेतला, सुरूच्या काड्या तडतडल्या आणि मडकं ज्वाळांआड गेलं.

झावळी बांधायला वापरलेला सुंभाचा तुकडा कडेला जळत होता. विझल्यावर पाहिलं, तर राखेचा दोर अजून पिळदार. म्हण लहानपणापासून ऐकलेली, पीळ डोळ्यांनी आज दिसला. बोट लावताच तो विस्कटला.

शेवटी मामांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चुर्र झालं. पोपटी तयार.

सकाळी ओंडका दंवाने ओलाचिंब होता. मामांनी राख उकरली. कडेला एक अख्खं सोडण पुरलेलं होतं, बाहेरून काळं, आत लाल. काल ते तिथे कधी ठेवलं, मला दिसलंही नव्हतं. दोन काटक्यांत धरून त्यांनी ते आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत टाकलं, वर चिमूटभर काथ्या ठेवला आणि फुंकर घातली. काडेपेटी खिशातच राहिली.