टिम हॉवर्ड : गोलकीपरचं करिअर मोजायचं कसं?

आज आपण बोलणार आहोत टिम हॉवर्डबद्दल. जन्म १९७९, अमेरिकेतलं न्यू जर्सी. लहानपणीच टूरेट सिंड्रोमचं निदान झालं. या विकारात अंगाला अचानक झटके बसतात, डोळे मिचकावले जातात, खाकरणं थांबत नाही. आणि हे काही माणूस मुद्दाम करत नाही. आता असा मुलगा गोलकीपर होतो, म्हणजे ज्या जागी क्षणभराचीही चूक चालत नाही तिथे उभा राहतो. त्याचं स्वतःचं सांगणं असं, की चेंडू लांब असताना झटके येतात, जवळ आला की शरीर शांत होतं. कसं, ते त्यालाही ठाऊक नाही.

न्यू जर्सीच्या मेट्रोस्टार्सकडून खेळता खेळता २००३ मध्ये तो थेट मँचेस्टर युनायटेडला गेला. पहिला मोसम छान चालला होता. आणि मग मार्च २००४, चॅम्पियन्स लीग, समोर पोर्तो. नव्वदावं मिनिट. फ्री किक त्याने अडवली खरी, पण चेंडू हातात न राहता पुढे पडला आणि कॉस्टिन्हाने तो जाळ्यात मारला. युनायटेड बाहेर! पोर्तोने पुढे तो चषकच जिंकला. हॉवर्डच्या नावावर त्याच मोसमात एफए कपही आहे हो, पण लोकांच्या लक्षात राहिला तो निसटलेला चेंडू. फॉरवर्डने दहा संधी घालवून एक गोल केला तर तो हिरो. गोलकीपरचा हिशेब बरोबर उलटा.

२००६ साली तो एव्हर्टनला गेला आणि दहा वर्षं राहिला, चारशेच्या वर सामने खेळला. माझ्या मते त्याचं खरं करिअर हेच. कारण गोलकीपरला फॉर्मपेक्षा सलग खेळायला मिळणं जास्त लागतं. २००९ च्या एफए कप उपांत्य फेरीत त्याने दोन पेनल्टी अडवल्या, त्याही युनायटेडच्याच. जानेवारी २०१२ मध्ये तर आपल्या पेनल्टी बॉक्समधून मारलेला चेंडू वाऱ्याने वाहत बोल्टनच्या जाळ्यात गेला. त्याने फारसा जल्लोष केला नाही; समोरच्या गोलकीपरवर काय गुदरलं असेल, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय तो सामना. १ जुलै २०१४, ब्राझीलमधलं साल्वादोर, विश्वचषकात अमेरिका विरुद्ध बेल्जियम. पंधरा-सोळा बचाव, मोजणाऱ्यागणिक आकडा एकाने बदलतो. पण बघा, इतके फटके गोलकीपरपर्यंत पोचले, म्हणजे पुढच्या दहा जणांचं काय चाललं होतं? जादा वेळेत अमेरिका १-२ हरली. बेल्जियमचा दुसरा गोल लुकाकूचा, जो त्या मोसमात एव्हर्टनमध्ये हॉवर्डच्याच संघात होता!

ऑक्टोबर २०१७ मध्ये त्रिनिदादकडून हरून अमेरिका पुढच्या विश्वचषकाला मुकली, तेव्हाही गोलमध्ये तोच होता. त्या रात्रीचे बचाव कोणी मोजत बसलं नाही.