ध्रुवाची उंची, बंदराचा पत्ता

अरबी समुद्र खलाशावर मेहेरबान आहे असं कोकणातल्या एखाद्या तांडेलाला सांगितलं, तर तो हसेल. पण एका बाबतीत ते खरं आहे. खंबायतच्या आखातापासून कन्याकुमारीपर्यंत आपला किनारा नकाशावर जवळजवळ उभा आहे. भर समुद्रातून पूर्वेला नाक ठेवून निघालं, की आज ना उद्या जमीन लागणारच. प्रश्न उरतो तो एवढाच, की कुठली जमीन?

म्हणजे गलबत उत्तर-दक्षिण कुठे आहे हे समजलं की निम्म्याहून अधिक काम झालं. पूर्व-पश्चिम जागा, म्हणजे रेखांश, काढायला नेमकी वेळ सांगणारं घड्याळ लागतं. युरोपात तो प्रश्न 18व्या शतकात जॉन हॅरिसनची घड्याळं येईपर्यंत अडून राहिला. अरबी समुद्रातल्या नाविकांनी अशा घड्याळाविना शतकानुशतकं घोडे, खजूर, मिरी आणि कापडाची ने-आण केली. त्यांना ध्रुव पुरत होता.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका तुमचा अक्षांश. मुंबईत तो 19 अंशांवर दिसतो, रत्नागिरीला 17, मालवणला 16, कालिकतला सव्वाअकरा. हात ताठ पुढे धरला, तर मिटलेल्या मुठीची रुंदी सुमारे 10 अंश भरते. मुंबईकराचा ध्रुव दोन मुठींच्या जरा आतच. (दिवाळीत संध्याकाळी सप्तर्षींच्या मदतीने तो शोधायला जाऊ नका. ते तेव्हा क्षितिजाखाली असतात. ईशान्येला वर चढलेली शर्मिष्ठा धरा.)

नाविकांचं मापही हाताचंच होतं. त्यांचं एकक ‘इस्बा’, म्हणजे बोट, सुमारे 1 अंश 36 कला. मोजायचं साधन कमाल: तळहातात मावेल एवढी लाकडी चौकोनी फळी, मध्यभागी भोक, त्यातून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताणून फळी समोर न्यायची, खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरच्या कडेला तारा बसतो का ते पाहायचं. नाही बसला तर पुढची गाठ. दोरी दातात धरली की डोळ्यापासून फळीचं अंतर पक्कं होतं आणि डुलत्या डेकवर एक हात मोकळा राहतो. हे मात्र रात्री केव्हाही जमत नाही. तारे उगवलेत आणि क्षितिजाची रेघ अजून पुसलेली नाही, अशी संधिप्रकाशातली थोडी मिनिटं गाठावी लागतात. नाहीतर चांदणं हवं.

मग बंदराचा पत्ता बोटांत सांगता येतो. चौल आणि कालिकत यांच्यात साडेचार बोटं; चौल आणि दाभोळ यांच्यात जेमतेम अर्ध्याहून थोडं जास्त. एक बोट चुकलं की 96 सागरी मैल चुकले, म्हणून पाव बोटाचाही हिशेब असे. उरलेली कसर जमीन जवळ आल्यावर भरून निघे: पाण्याचा रंग, पक्षी, शिसं सोडून मोजलेली खोली, आणि समुद्रसाप. पाण्यावर साप दिसू लागले की हिंदचा किनारा आला, ही खूण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या ग्रंथातही नोंदलेली आहे.

ध्रुव अढळ, हे आपल्याला ध्रुवबाळाच्या गोष्टीने शिकवलं. गलबताची वाट काढणाऱ्या मालमाला तसं मानून चालत नसे. 15व्या शतकाच्या अखेरीस हा तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता आणि रोज त्याच्याभोवती घिरटी घालत होता. त्यामुळे उंची तो अगदी खाली असतानाची धरायची. इतर वेळी मोजली तर डोक्यावर कुठलं नक्षत्र आहे ते पाहून ठरावीक दुरुस्ती करायची. या दुरुस्तीला ‘बाशी’ म्हणत. जुल्फारच्या अहमद इब्न माजिदने 1490च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘किताब अल्-फवाइद’मध्ये हे शास्त्र सविस्तर मांडलंय. पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलत असल्याने आता ते अंतर पाऊण अंशाहून कमी झालंय. त्या काळचे आकडे तसेच घेऊन आज कुणी दाभोळला निघाला, तर तो कारवारपाशी पोचेल!

वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतला आणणारा वाटाड्या हाच इब्न माजिद, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. मला ती पटत नाही, बऱ्याच अभ्यासकांनाही नाही. पोर्तुगीज बखरकार बारुश त्या वाटाड्याला गुजरातचा मूर म्हणतो. गामाने मोठ्या ऐटीत आपलं लाकडी ॲस्ट्रोलेब दाखवलं, तर या गृहस्थाला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. उलट त्याने आपलं तीन फळ्यांचं साधन आणि किनाऱ्याचा नकाशा पुढे केला. 24 एप्रिल 1498ला ते मालिंदीहून निघाले. मालिंदी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिथून ध्रुव दिसत नाही. पाच दिवसांनी तो पुन्हा दिसल्याची नोंद जहाजावरच्या रोजनिशीत आहे. 18 मेला जमीन दिसली.

परतताना हा वाटाड्या नव्हता. गामाने 5 ऑक्टोबरला कारवारजवळच्या, आज गोव्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावरून शिडं उभारली. ईशान्येचे वारे अजून धरले नव्हते. स्थानिक नाखवा त्या दिवसांत आफ्रिकेला निघालाच नसता. कधी वारा पडलेला, कधी उलटा. ध्रुवावरून आपण किती उत्तरेला आहोत हे समजत असूनही जहाजं पुढे सरकेनात. जाताना 23 दिवसांत कापलेला समुद्र आता तीन महिने संपेना. हिरड्या सुजून तीसेक माणसं मेली. 2 जानेवारी 1499ला मोगादिशूजवळ आफ्रिका दिसली, तेव्हा दर जहाजावर काम करू शकतील असे सात-आठच उरले होते. तीन जहाजं हाकायला माणसं पुरेनात, म्हणून पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘साऊं राफाएल’ त्यांनी स्वतःच जाळून टाकलं.