एकट्या प्रवाशाचे जुन्नर : नाणेघाटातून लेण्याद्रीकडे

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावी उतरून पश्चिमेकडे वळले, की सुमारे १५ किलोमीटरवर कुकडी नदीच्या काठी जुन्नर शहर लागते. पुण्यापासून हे अंतर ९५ किलोमीटरच्या आसपास भरते. शहराच्या चारही बाजूंना डोंगर असून त्या डोंगरांच्या कातळात दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. एकाच गावाच्या परिसरात इतक्या मोठ्या संख्येने लेणी असल्याचे दुसरे उदाहरण देशात क्वचितच सापडेल.

जुन्नरला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण सकाळी वाहनाने येतात, शिवनेरीवर जाऊन शिवजन्मस्थानाचे दर्शन घेतात, लेण्याद्री व ओझर येथे गणपतीला नमस्कार करतात आणि दिवे लागण्याच्या सुमारास परत फिरतात. त्यांच्या भक्तिभावाबद्दल प्रश्नच नाही. परंतु याहून वेगळा, संख्येने थोडा असा एक प्रवासी असतो. जोडून सुट्या मिळालेला शिक्षक, इतिहासाचा विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, अथवा पुस्तकात राणी नागनिकेचे नाव वाचून ते स्थळ प्रत्यक्ष पाहावे असे मनात आलेली एखादी गृहिणी. असा प्रवासी एक पिशवी घेऊन एस. टी. ने एकटाच येतो, गावात एक-दोन रात्री राहतो आणि वाट विचारीत हिंडतो. २०१८ साली राज्य शासनाने जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून घोषित केला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत शिवनेरीही आहे. त्यामुळे एकट्याने येणाऱ्यांची वर्दळ यापुढे वाढेल, असे मानण्यास जागा आहे. त्यांच्या दोन-तीन दिवसांची आखणी कशी असावी आणि ज्यांच्या गावात ते येतात त्यांनी कोणती तयारी ठेवावी, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

आधी घाट, मग लेणी

नवखा प्रवासी साहजिकच गावाजवळची लेणी प्रथम पाहतो आणि वेळ उरला तर नाणेघाटाकडे जातो. वास्तविक हा क्रम उलटा असावयास हवा. जुन्नरची लेणी जुन्नरमध्येच का खोदली गेली, याचे उत्तर लेण्यांत नसून शहराच्या पश्चिमेला ३० ते ३५ किलोमीटरवरील त्या घाटात आहे.

सह्याद्रीची भिंत कोकण आणि देश यांच्यामध्ये उभी आहे. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल पैठण, तेर यांसारख्या देशावरील नगरांकडे नेण्यासाठी ही भिंत ओलांडणे भाग होते. नाणेघाट हा त्यासाठी कातळ फोडून केलेला मार्ग होय. कोकणातील वैशाखरे गावाकडून चढत आलेली वाट माथ्यापाशी एका अरुंद खिंडीत शिरते व घाटघरच्या पठारावर बाहेर पडते. येथून पुढे मालाची पहिली मोठी पेठ म्हणजे जुन्नर. खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरेने सांगतात. ते खरे असो वा नसो, या वाटेने पुष्कळ पैसा गेला असला पाहिजे, हे पुढे लेणी पाहताना पटते.

खिंडीलगतच्या लेण्यात नाणेघाटचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत आणि काळ सामान्यतः इ. स. पूर्व दुसऱ्या ते पहिल्या शतकाचा मानला जातो. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशी हा लेख निगडित आहे. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, वस्त्रे व कार्षापण नाण्यांची मोजदाद त्यात आहे. पाठीमागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातील व्यक्तींच्या आकृती कोरलेल्या होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी शिल्लक आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णी, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी ही त्यांतील काही नावे. आकृती गेल्या आणि नावे उरली, असा हा प्रकार आहे.

दानाच्या वस्तूंची संख्या लिहिताना लेखात अंकचिन्हे वापरली आहेत. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. शून्य व स्थानमूल्य यांचा वापर तेव्हा रूढ नव्हता, म्हणून दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. गणित शिकविणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना घेऊन येथे एक तास घालविला, तर स्थानमूल्याने मनुष्याचे किती श्रम वाचविले हे फळ्यावर सांगावे लागणार नाही.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली हे लेण पाहिले, तेव्हा ही लिपी वाचू शकणारा मनुष्य हयात नव्हता. ब्राह्मीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने त्यानंतर दहा वर्षांत केला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखाचा कसून अभ्यास केला. आज सातवाहनांच्या आरंभीच्या इतिहासाविषयी जे लिहिले जाते, त्यातील बराच भाग या दोन भिंतींवर उभा आहे. मूळ प्रत एवढीच. कातळ झिजतो आहे. त्यातच येणारे काही जण आपले नाव खिळ्याने कोरून जातात.

नाणेघाटाचा दिवस

या सहलीला एक संपूर्ण दिवस द्यावा. आपटाळे, चावंड व घाटघर या मार्गाने रस्ता थेट घाटमाथ्यापर्यंत जातो. परंतु या बाजूला एस. टी. च्या फेऱ्या मोजक्या असतात. म्हणून आदल्या संध्याकाळी जुन्नर बसस्थानकावर सकाळच्या गाडीची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून कागदावर लिहून घ्यावी. गाडीचा मेळ बसत नसेल, तर जीप अथवा रिक्षा जाण्यायेण्याच्या बोलीने ठरवावी. एकट्याला हा खर्च जड वाटतो. तथापि घाटमाथ्यावर वाहनावाचून अडकण्यापेक्षा तो परवडतो.

हाताशी वाहन असल्यास वाटेत पूर येथील कुकडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर पाहावे. कुकडी नदीचा उगम येथलाच. चावंड व जीवधन हे दोन किल्ले याच मार्गावर आहेत. घाटाचे रक्षण करणारे हे दुर्ग होत. मात्र त्यांच्या कड्यांवरील वाटा एकट्याने चढण्यासारख्या नाहीत. जीवधन करावयाचा असेल, तर घाटघरचा माहितगार वाटाड्या बरोबर असलाच पाहिजे.

घाटघर व आसपासच्या वस्त्यांत प्रामुख्याने महादेव कोळी समाज राहतो. हिरडा गोळा करणे हा जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील या लोकांच्या उपजीविकेचा एक मोठा आधार आहे. आधी सांगून ठेवल्यास घरगुती भाकरी-पिठल्याचे जेवण मिळू शकते. ते घ्यावे आणि त्याचे योग्य मोल द्यावे. बरोबर डबा आणून त्याचे कागद घाटात टाकणाऱ्या प्रवाशापेक्षा असा प्रवासी गावाला कितीतरी उपयोगी पडतो.

पावसाळ्यात नानाच्या अंगठ्याखालून येणारा वारा धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो. तो पाहण्यासाठी सुटीच्या दिवशी मोठी गर्दी लोटते. लेख पाहावयाचा असेल, तर तो काळ टाळावा. धुके दाट, कातळ निसरडा आणि कड्याची कड दिसेनाशी झालेली, अशा स्थितीत एकट्याने येथे फिरणे धोक्याचे आहे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. अतिवृष्टीत हा सारा पट्टा किती नाजूक होतो, याचा तो कटू अनुभव होता. कार्तिक ते माघ हे महिने येथील प्रवासाला सर्वांत सोयीचे आहेत.

कल्याणचा दाता लेण्याद्रीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, यात्रेकरूंची गर्दी होण्यापूर्वी लेण्याद्री गाठावी. शहराच्या उत्तरेस सुमारे ५ किलोमीटरवर हा डोंगर असून वर जाण्यास जवळजवळ तीनशे पायऱ्या आहेत. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान ज्या दालनात आहे, ते क्रमांक ७ चे लेणे मूळचा बौद्ध विहार होय. त्याच्या तिन्ही अंगांना भिक्षूंच्या कोठड्या आहेत आणि एवढ्या विस्तीर्ण दालनात एकही खांब नाही.

शेजारचे ६ क्रमांकाचे लेणे हे चैत्यगृह आहे. दर्शन घेऊन परतणारे अनेक भाविक त्याकडे न पाहताच उतरू लागतात. स्तंभशीर्षांवर हत्ती, वाघ यांच्या आकृती असून आत स्तूप आहे. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने दान दिले, असे तेथील लेखावरून कळते. हेरणिक म्हणजे सोनार अथवा कोषाधिकारी. कल्याणच्या माणसाने जुन्नरच्या डोंगरात एवढा खर्च का करावा, हा प्रश्न केवळ लेण्याद्री पाहणाऱ्याला सुटत नाही. आदल्या दिवशी खिंडीच्या तोंडाशी उभे राहून खाली कोकण पाहिलेल्या प्रवाशाला तो पडतच नाही.

हीच साखळी इतर लेण्यांतही दिसते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिल्याचा लेख जुन्नरमध्ये आहे. शहराच्या दक्षिणेकडील मानमोडी डोंगरातील एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचा दाता चंद नावाचा यवन आहे. शिवनेरीच्या कातळातील एक भोजनमंडप चिट नावाच्या यवनाने दिला. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये दिलेल्या मंडपाचा व टाक्याचा लेखही मानमोडीतच आहे. म्हणजे व्यापारी, परदेशातून आलेले लोक आणि राज्याचे मंत्री या साऱ्यांची नावे एका तालुक्याच्या गावाभोवती कोरलेली आहेत.

मानमोडीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या डोंगरातील लेण्यांच्या एका गटाला भीमाशंकर असे नाव आहे. नवख्या प्रवाशाने जुन्नरमध्ये नुसते ‘भीमाशंकर कुठे?’ असे विचारले, तर त्याला ज्योतिर्लिंगाच्या गाडीत बसवून देण्यात येईल, आणि त्यात सांगणाऱ्याचा काही दोष नाही! ‘मानमोडीची लेणी’ असेच विचारावे. खरे भीमाशंकर पाहावयाचे असेल, तर मंचर व घोडेगावमार्गे एक वेगळा दिवस काढावा. ते अभयारण्य आणि तेथील शेकरू घाईने पाहण्याजोगे नाहीत.

शहराच्या पश्चिमेचे तुळजा लेणे लहान असले, तरी जाणकारांच्या दृष्टीने फार मोलाचे. येथील चैत्यगृह वर्तुळाकार आहे. बारा अष्टकोनी खांबांच्या मध्यभागी स्तूप आणि वर घुमटाकार छत, अशी रचना अन्यत्र क्वचितच आढळते. शिवनेरीचे सात दरवाजे चढून जाण्यास अर्धा दिवस लागतो. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीस व माघातील गणेशजन्माच्या सुमारास एकट्या प्रवाशाला निवास मिळणे कठीण जाते, एवढे लक्षात असावे.

एकटेपणाचे भान

जुन्नर वनविभागातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर आहे आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, यावरून प्रश्नाचे स्वरूप कळावे. म्हणून लेणी पाहून सूर्यास्तापूर्वी शहरात परतावे व शेतवाटेने अंधारात पायी चालू नये. कातळावर आग्या मोहोळे असतात. त्यांच्याजवळ धूर, मोठा आवाज वा उग्र अत्तर नको. मानमोडी व तुळजा येथे सोबतीविना जाऊ नये. आज कोठे जाणार व केव्हा परतणार, हे निवासस्थानी सांगून निघावे. पश्चिमेकडील खोऱ्यांत भ्रमणध्वनी लागेलच असा भरवसा नाही. जेथे लागेल तेथे आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचा वाटा

एकट्या प्रवाशाच्या गरजा मोठ्या नसतात. बसच्या वेळा स्पष्ट लिहिलेला फलक, एक स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि विश्वासू वाटाड्याचे नाव, एवढे मिळाले तरी तो निश्चिंत होतो. एकट्या स्त्रीला तर या गोष्टींवाचून येथे येणेच अवघड. यांपैकी बसच्या वेळांचा फलक व वाटाड्यांची यादी यांना फारसा निधी लागत नाही. ग्रामपंचायत कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर ती लावता येते. फेऱ्यांच्या वेळा बदलताच फलकही बदलला पाहिजे. जुना फलक हा फलक नसण्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

शाळांचे काम वेगळ्या स्वरूपाचे आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास १९५८ च्या कायद्यानुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु घाटमाथ्यावर दिवसभर पहारा ठेवणे नेहमीच शक्य होत नाही. लेण्यात खिळा हाती घेतलेल्या पाहुण्याला गावातल्याच एखाद्या मुलाने ‘ही राणीची अक्षरे आहेत’ असे सांगितले, तर तो बहुधा थांबतो. त्यासाठी त्या मुलाला ब्राह्मीतील निदान दहा-बारा अक्षरे आणि दोन-चार अंक ओळखता आले पाहिजेत. परिसर अभ्यासाच्या तासाला ही अक्षरे शिकविण्यास एक आठवडा पुरेल. जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील शिक्षकांना त्यासाठी आवश्यक असलेला मूळ पाठ घाटघरच्या वाटेवर, खिंडीच्या आत शिरताच, समोरच्या भिंतींवर उपलब्ध आहे.