ऋतु बदलला तरी गांव बदलूं नये

‘हंगाम’ हा शब्द खेळाच्या बोलण्यांत आपण सहज वापरतों. पण हंगाम म्हणजे केवळ सामन्यांचें वेळापत्रक नव्हे, हें ज्या गांवांत एखादा खेळ रुजलेला असतो तेथें राहिल्यावांचून पुरतें उमगत नाहीं. नोकरीच्या निमित्तानें इंग्लंडच्या उत्तर भागांत कांहीं वर्षें राहण्याचा आम्हांस योग आला आणि तेथील ‘रग्बी लीग’ या खेळाचे आम्ही कायमचे शौकीन झालों. या खेळाचा हंगाम बदलण्याच्या सूचना वरचेवर पुढें येत असतात. मागील तीस वर्षांत अशा सूचनांचें काय झालें हें पाहिलें, म्हणजे त्यांची पारख कशी करावी तें कळतें. म्हणून हा लेखप्रपंच.

रग्बी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पंधरा गड्यांचा खेळ उभा राहतो. रग्बी लीग हा त्याचाच भाऊ, पण विभक्त झालेला. लँकेशायर-यॉर्कशायरमधील खाणींतले व गिरण्यांतले कामकरी शनिवारीं सामन्यास गेले कीं त्यांची रोजी बुडे. ती भरून द्यावी कीं नाहीं, या वादावरून २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांनीं वेगळी चूल मांडली. १९०६ सालीं संघांतील गडी पंधरांचे तेरा झाले. खेळाचा हंगाम हिवाळी. धुकें, चिखल आणि गोठलेले हात यांतच शंभर वर्षांच्या आठवणी सांठल्या.

१९९५ च्या एप्रिल महिन्यांत या क्रमास धक्का बसला. रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीनें दूरचित्रवाणीच्या हक्कांसाठीं पांच वर्षांचे ७ कोटी ७० लक्ष पौंड देऊं केले. ही रक्कम पुढें ८ कोटी ७० लक्षांवर गेली. त्याबरोबर जी योजना आली तींत दोन मोठे बदल होते. एक, हिवाळी खेळ उन्हाळ्यांत नेणें. दुसरा, शेजारच्या क्लबांचें एकत्रीकरण करणें. फेदरस्टन, कॅसलफर्ड व वेकफील्ड यांचें मिळून ‘काल्डर’. वॉरिंग्टन व विडनेस यांचें ‘चेशायर’. आणि हल शहरांतील दोन्ही क्लबांचें मिळून ‘हंबरसाइड’!

या शेवटच्या नांवाचा अर्थ हल शहर पाहिल्याशिवाय समजणार नाहीं. शहराच्या मधून हल नांवाचीच नदी वाहते. पश्चिमेकडे १८६५ सालचा ‘हल एफ. सी.’, त्याचा वेष काळापांढरा आणि त्याचे लोक मासेमारीच्या धंद्यांतले. पूर्वेकडे १८८२ सालचा ‘हल किंग्स्टन रोव्हर्स’. त्याचा रंग तांबडापांढरा आणि त्याचे लोक गोदींत राबणारे. आमचे एक वृद्ध शेजारी पूर्वेकडचे होते. त्यांची धाकटी बहीण मात्र नदीपलीकडे दिलेली. ते थट्टेनें म्हणत, “तिचें सर्व चांगलें झालें, फक्त सासर चुकलें!” अशा दोन घरांच्या चुली एका कागदावर एक करावयाच्या, ही ती योजना होती.

प्रेक्षकांनीं दोन्ही बदलांस विरोध केला. मैदानांत फलक लागले, सभा झाल्या. अखेर एकत्रीकरणाचा बेत त्याच महिन्यांत मागें पडला. उन्हाळी हंगाम मात्र कायम झाला. २९ मार्च १९९६ रोजीं पॅरिस येथें ‘सुपर लीग’चा पहिला सामना झाला.

आतां प्रामाणिकपणें सांगावयाचें तर, उन्हाळ्याविषयींची आमची भीति बरीचशी फोल ठरली. कोरड्या मैदानावर चेंडूचा खेळ वेगवान झाला. हिवाळ्यांत घराबाहेर न पडणारे आजोबा नातवंडांना घेऊन येऊं लागले. चिखलाची आठवण आम्हांस प्रिय होती, पण तिच्यावांचून खेळाचें अडलें नाहीं.

परंतु एकत्रीकरण झालें असतें तर? २०२५ सालीं याचें उत्तर मिळालें. हल किंग्स्टन रोव्हर्सनें चाळीस वर्षांत एकही मोठें विजेतेपद मिळविलें नव्हतें. त्या वर्षीं ७ जूनला वेम्बली येथें वॉरिंग्टनचा ८-६ असा पराभव करून त्यांनीं चॅलेंज कप जिंकला. साखळींत पहिलें स्थान पटकावलें. आणि ऑक्टोबरांत अंतिम सामन्यांत विगनला २४-६ असें हरवून तिहेरी मान मिळविला. ज्या संघाचें नांवच १९९५ सालीं पुसलें जाणार होतें, त्याचा हा पराक्रम! ‘हंबरसाइड’ जिंकलें असतें तर पूर्व हलमधील कोणत्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलें असतें?

म्हणून नव्या सूचना ऐकतांना आम्ही एकच कसोटी लावतों: हा बदल केवळ संवयीस धक्का देतो, कीं मायेच्या मुळास? २०२५ पर्यंत बारा संघांच्या साखळींत प्रत्येक संघ सत्तावीस सामने खेळे. घरचा एक व बाहेरचा एक, असे बावीस, सर्व संघ एका मैदानावर आणणाऱ्या ‘मॅजिक वीकेंड’चा एक, आणि उरलेले चार त्याच प्रतिस्पर्ध्यांशीं पुन्हां. कोणाच्या वांट्यास दुबळे संघ येत, कोणाच्या बलाढ्य. आणि तिसऱ्यांदा भेटणाऱ्या वैऱ्याची गोडी उरत नसे. २०२६ पासून चौदा संघ घेण्याचें क्लबांनीं २०२५ च्या जुलैंत ठरविलें. त्यामुळें घरचे-बाहेरचे मिळून सव्वीस सामने होतात आणि जादा सामन्यांचें कारणच उरत नाहीं. हा बदल आम्हांस मान्य आहे. मात्र ऐंशीं मिनिटें एकमेकांवर आदळणाऱ्या गड्यांच्या शरीरांचा विचार करतां, यापुढें सामन्यांची संख्या वाढूं नये, कमी झाली तर बरेंच.

उलट, चॅलेंज कपच्या अंतिम सामन्याचा दिवस २००५ सालीं वसंतांतून ऑगस्टांत नेला आणि पुढें तो मे-जून-ऑगस्ट असा फिरत राहिला, हें आम्हांस रुचलें नाहीं. वर्षभर पैसे सांठवून गाडी करून वेम्बलीस जाणाऱ्या गांवकऱ्यास तिथि ठाऊक असावी लागते. जत्रेचा दिवस दरसाल बदलला तर दुकानें लागतील, पण माहेरवाशिणी येणार नाहींत.

व्यवस्थापकांनीं ऋतु अवश्य बदलावा, सामन्यांची संख्याही बदलावी. पण तत्पूर्वीं कठड्याशीं उभ्या असलेल्या माणसास विचारावें. तो जुन्याला चिकटतो म्हणून त्याचें म्हणणें सर्वच टाकाऊ नसतें. १९९५ सालीं तो ऋतूविषयीं चुकला, गांवाविषयीं चुकला नाहीं.