पन्नास दिवस व्याज नाही, एक्कावन्नाव्या दिवशी काय?
क्रेडिट कार्डावर खरेदी करणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

शिलाई मशीन घ्यायला गेलेला शिंपी असो की घाऊक बाजारात प्लायवूड भरायला गेलेला सुतार, गल्ल्यावर हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "कार्ड आहे का? पन्नास दिवस व्याज नाही." रोकड नसताना माल मिळतो, वर व्याजही नाही म्हणतात. मग हरकत काय, असे आमचे अनेक व्यापारी बांधव आम्हाला विचारतात.

हरकत आहे की नाही हे कार्डावर नव्हे, कार्डाच्या बिलावर ठरते. म्हणून या वेळी आम्ही बिलापासूनच सुरुवात करतो.

पन्नास दिवस कोणाला मिळतात?

प्रत्येक कार्डाला दोन तारखा असतात. एक बिल निघण्याची आणि दुसरी पैसे भरण्याची. समजा, बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघते आणि पैसे ३० तारखेपर्यंत भरायचे आहेत. तुम्ही ११ जूनला माल घेतला तर तो १० जुलैच्या बिलात येईल आणि पैसे ३० जुलैला द्यावे लागतील. म्हणजे ४९ दिवस मिळाले. तोच माल ९ जुलैला घेतला तर तो दुसऱ्याच दिवशी बिलात येतो आणि मुदत उरते फक्त २१ दिवसांची. जाहिरातीत 'पन्नास दिवसांपर्यंत' असे लिहिलेले असते. त्यातला 'पर्यंत' हा शब्द आधी वाचावा.

ज्याची उधारी ईदनंतर किंवा हंगाम संपल्यावर वसूल होते, त्याने आपली वसुलीची तारीख आणि कार्डाची तारीख जुळते का हे पाहावे. जुळत नसेल तर बँकेकडे अर्ज करून बिलाची तारीख बदलून घेता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी ही सोय ग्राहकाला दिलेली आहे.

सवलत कुठे संपते?

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात. एक पूर्ण देणे आणि दुसरी किमान देणे, जिला 'मिनिमम ड्यू' म्हणतात. सारा घोटाळा या दुसऱ्या रकमेत आहे. किमान रक्कम भरली की लेट फी टळते, पण व्याज टळत नाही.

हिशेब पाहा. बिल ४०,००० रुपयांचे आहे. किमान देणे ५ टक्के धरले तर २,००० रुपये होते. ते भरून तुम्ही निश्चिंत झालात. उरलेल्या ३८,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के दराने १,३३० रुपये व्याज लागते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २३९ रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० भरले, तर त्यातले १,५६९ व्याजात आणि करात गेले आणि मुद्दल जेमतेम ४३१ रुपयांनी कमी झाले. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात बँका खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजतात, म्हणून पहिल्या महिन्याचा आकडा याहून मोठा येतो. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ज्या सावकाराला आपण नावे ठेवतो, त्याच्याशी हा दर ताडून पाहावा.

वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा कायदा आपल्याला या दरापासून वाचवील, अशी आशा कोणी धरू नये.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. मागच्या बिलातले थोडे जरी देणे मागे राहिले, तरी नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत उडते. मग आज घेतलेल्या सुताच्या गठ्ठ्यावर आजपासूनच व्याज चढू लागते. आमचाच अनुभव सांगतो. एका महिन्यात आम्ही मोबाईलवरून घाईत बिल भरले. पडद्यावर आधीच निवडलेली रक्कम किमान देण्याची होती. तिच्याकडे न पाहता बटण दाबले आणि बिल फिटले असे समजून बसलो. पुढच्या बिलात कागद आणि शाईच्या साध्या खरेदीवरही व्याज लागून आले. बँकेला दोष देण्यात अर्थ नव्हता, सारे करारात लिहिलेले होते. रक्कम मोठी नव्हती, पण व्याज देणार नाही असे ठरवून बसलेल्या माणसाच्या हातून व्याज गेले, याची बोच राहिली.

'नो कॉस्ट' हप्त्याचे गूढ

मशीन, फ्रीज, मोबाईल यांवर 'नो कॉस्ट ईएमआय' असा फलक असतो. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाने लपवून ग्राहकावर टाकले जाते. आजच्या योजनांत बहुधा असे होते की बँक व्याज लावते आणि दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देते. समजा, व्याज १,५०० रुपये आणि सूटही १,५०० रुपये. पण व्याजावरचा जीएसटी २७० रुपये तुमच्याच खात्यावर पडतो आणि प्रोसेसिंग फी वेगळी. म्हणजे खर्च शून्य नाही आणि कागदावर व्याजाचा व्यवहारही झालेला असतो. सही करण्यापूर्वी हप्त्यांचा तक्ता मागून घ्यावा. त्यात व्याजाचा रकाना असेल तर फलकावर काय लिहिले आहे याला किंमत नाही.

आणखी एक हिशेब. कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराच्या रकमेतून कमिशन कापले जाते, म्हणून तो रोखीची सूट द्यायला कचरतो. घाऊक व्यापारी रोखीवर २ टक्के सोडत असेल तर ४०,०००च्या मालावर ८०० रुपये वाचतात. कार्ड वापरून ते गमावले, तर तुमच्या 'बिनव्याजी' मुदतीची किंमत ८०० रुपये झाली. आधी रोखीचा भाव विचारावा, मगच कार्ड बाहेर काढावे.

कार्डाने एटीएममधून रोकड तर काढूच नये. तिथे बिनव्याजी मुदत मुळीच नसते. काढल्या दिवसापासून व्याज आणि शिवाय फी लागते.

शरियतच्या दृष्टीने

याबाबत उलेमांत एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सप्टेंबर २००० मधील रियाधच्या बैठकीत ठराव केला. ज्या कार्डामागे खात्यात रक्कम नाही आणि ज्याच्या करारात व्याजाची अट आहे, ते कार्ड मुदतीत पैसे भरण्याची नियत असली तरी वापरणे जायज नाही, असे त्यात म्हटले आहे. कार्ड देण्याची सेवा म्हणून ठराविक फी घेण्यास मात्र अकादमीने हरकत घेतली नाही. दुसरीकडे काही उलेमांचे मत असे की गरज असेल आणि एक पैसाही व्याज जाणार नाही असा पक्का बंदोबस्त केला असेल, तर खरेदीपुरता वापर चालू शकतो.

आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना तिथल्या इस्लामी बँकांची कार्डे मिळतात. भारतात तशी बँक नाही. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवले. म्हणून इथल्या कार्डाच्या करारात व्याजाचे कलम असतेच, हे गृहीत धरावे. फतवा देणे आमचे काम नाही. करार हाती घेऊन आपल्या विश्वासाच्या आलिमाकडे जावे आणि त्यांना तो वाचून दाखवावा. नुसते 'कार्ड चालते का' असे विचारल्यास उत्तरही अर्धवटच मिळेल.

घ्यायचेच असेल तर

ज्यांनी विचारपूस करून कार्ड घ्यायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी.

वार्षिक फी किती, आणि पहिल्या वर्षानंतर किती, हे लेखी घ्यावे. बक्षीस-गुणांच्या मोहाने कार्ड निवडू नये. पूर्ण रक्कम वेळेवर भरणाऱ्याच्या कामाची गोष्ट एकच, लांब मुदत आणि कमी फी.

खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची सूचना द्यावी, आणि ती 'पूर्ण देण्याची' आहे की 'किमान देण्याची' हे दोनदा तपासावे. मुदतीच्या चार दिवस आधी खात्यात पैसे ठेवावेत.

बँकेने पाच लाखांची मर्यादा दिली म्हणून आपली ऐपत पाच लाखांची होत नाही. जेवढी रक्कम खात्यात आहे किंवा मुदतीपूर्वी नक्की येणार आहे, तेवढीच खरेदी करावी आणि मर्यादा कमी करून घ्यावी. येणाऱ्या उधारीच्या भरवशावर कार्ड चालवणे सर्वांत धोक्याचे. गिऱ्हाईक महिनाभर थांबायला सांगते, बँक थांबत नाही.

न मागता कार्ड आले तर ते चालू करू नये. तसे कार्ड देण्यास बँकांना मनाई आहे. नको असलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर, देणे बाकी नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. न झाल्यास बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड द्यावा लागतो.

ज्याला हे सांभाळता येणार नाही, त्याने डेबिट कार्ड आणि यूपीआय वापरावे, किंवा ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याकडे मुदतीचा भाव ठरवून माल घ्यावा. भाव एकदाच ठरतो, उशीर झाला तरी वाढत नाही, आणि दोघांच्या वह्यांत लिहिलेला राहतो. देण्याघेण्याचे लिहून ठेवावे, ही ताकीद सूरह बकरहमध्ये आहेच. आपल्या वाडवडिलांनी दुकाने त्यावरच चालवली.

कार्ड हे धारदार पटाशीसारखे आहे. ज्याचा हात बसला आहे त्याचे काम सोपे होते, आणि बेसावध माणसाचे बोट जाते. या महिन्याचे बिल हाती आले की आधी किमान देण्याच्या रकमेवर पेनने काट मारा, आणि पूर्ण देण्याचा आकडा आपल्या वहीत लिहा.